थंड चूल पेटवताना धूर घरात का येतो आणि तो कसा टाळावा

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाचे आहे ते इतरांनाही समजेल. रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या गावच्या कौलारू घरात आपण दोन भांड्यांची, मागे धुराडे असलेली मातीची चूल बांधून घेतली आहे. ती एकदा तापली की आपली काही तक्रार नसते. पण रोज पहाटे पेटवताना पहिली पंधरा-वीस मिनिटे स्वयंपाकघरात धूर कोंडतो, आपल्या आईंचे डोळे चुरचुरतात आणि त्यांना खोकल्याची उबळ येते. लवकर पेट घ्यावा म्हणून आपण रॉकेलचा बोळा वापरता. आता धुराडे ४ फुटांनी वाढवावे की भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवावा, हे आपल्याला ठरवायचे आहे.

पंखा बसवू नका. त्याने धूर कमी होण्याऐवजी वाढेल, आणि त्याचे कारण पुढे सांगतो. धुराड्याच्या उंचीचा निर्णयही तूर्त बाजूला ठेवा. आपल्या वर्णनातला सर्वांत कामाचा भाग मला ‘एकदा तापली की तक्रार नसते’ हा वाटतो. धुराडे फार आखूड असते, चोंदलेले असते किंवा चुलीतून धुराड्याकडे जाणारी वाट अरुंद असती, तर तापल्यानंतरही धूर पुढे येत राहिला असता. म्हणजे बांधकामात मोठा दोष नसावा. अडचण थंड चूल आणि थंड धुराडे यांची आहे, आणि ती पेटवण्याच्या पद्धतीने बहुतांशी सुटते. चुली बांधण्या-दुरुस्तीच्या कामात मी असे पुष्कळदा पाहिले आहे की, घरमालक धुराड्यावर खर्च करायला तयार असतो आणि खरी गरज मात्र पहिल्या दहा मिनिटांचा क्रम बदलण्याची असते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे आधीच मान्य करतो. धुराडे घराच्या आतून छपरातून वर जाते की भिंतीबाहेर जाऊन उघड्यावर उभे राहते, छप्पर कौलांचे आहे की स्लॅबचे, जवळ उंच झाड किंवा डोंगरउतार आहे का, आणि जळण कोणत्या महिन्यात तोडून कुठे साठवले आहे, यावर फरक पडतो. आपण यांपैकी छप्पर तेवढे सांगितले आहे. म्हणून चूल पेटवण्यापूर्वी करण्याची एक साधी तपासणी सुचवतो, तिच्यावरून बरेच कळेल.

उद्या पहाटे चुलीला हात लावण्याआधी एक उदबत्ती पेटवा आणि ती चुलीच्या तोंडाशी, कडेपासून चार बोटे आत धरा. स्वयंपाकघराची दारे-खिडक्या नेहमी असतात तशाच राहू द्या. उदबत्तीची धूररेषा आत वळून नाहीशी झाली, तर धुराडे थंड असूनही ओढत आहे. ती सरळ वर जाऊन चुलीच्या तोंडाच्या वरच्या कडेला घासत रेंगाळली, तर ओढ शून्य आहे. आणि ती आपल्या तोंडाकडे वळली, तर धुराड्यातून हवा खाली उतरते आहे. माझा अंदाज असा की, आपल्याकडे तिसरा प्रकार घडत असेल. कौलारू घरांत पहाटे तो नेहमी आढळतो.

त्याचे कारण असे. धुराडे स्वतःहून काही ओढत नाही. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलकी, झाली की ती वर चढते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा येते. ओढ म्हणतात ती एवढीच. ३ मीटर उंचीच्या धुराड्यात दीडशे अंश सेल्सियसचा धूर असेल आणि बाहेर ३० अंश असतील, तर ही ओढ साधारण १० पास्कल भरते, म्हणजे १ मिलिमीटर पाण्याच्या थराइतका दाब. इतक्या नाजूक बळावर सगळी चूल चालते. धुराडे आणि बाहेरची हवा एकाच तापमानाची असेल, तर तेही बळ उरत नाही. पहाटे घरातली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असते आणि ती कौलांच्या फटींतून वर निघून जात असते. थोडक्यात, त्या वेळी सगळे घरच एका मोठ्या धुराड्याचे काम करत असते. निघून गेलेल्या हवेची भरपाई जिथून सोपी तिथून होते, आणि थंड पडलेले ४ इंची धुराडे ही तशीच एक सोपी वाट असते. मे महिन्याच्या दुपारी कारण वेगळे पण परिणाम तोच: बाहेर कडक ऊन असते, मातीच्या भिंतींमुळे घरातली आणि धुराड्यातली हवा थंड व जड राहते आणि खाली उतरते. पावसाळ्यात तर छपराबाहेरचा पाइप दिवसरात्र भिजत असतो, म्हणून जुलै-ऑगस्टात हा त्रास सर्वाधिक होतो.

आता धुराविषयी. लाकूड तापले की प्रथम त्यातले पाणी वाफ होऊन जाते. दोनशे अंशांच्या पुढे लाकडाचे विघटन सुरू होऊन त्यातून वायू आणि डांबरासारखी वाफ बाहेर पडते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असाच वायुरूपाने निघून जातो, उरलेल्याचा कोळसा होतो. त्या वायूला जवळच ज्वाला आणि पुरेशी हवा मिळाली, साधारण ६०० अंशांच्या आसपास उष्णता मिळाली, तर तो जळतो आणि आपल्याला स्वच्छ पिवळा जाळ दिसतो. ती मिळाली नाही, तर तोच वायू गार होऊन धूर बनतो. म्हणजे धूर हे न जळलेले जळणच आहे. थंड चुलीत जाड लाकूड लवकर घातले की ते धुमसण्याइतके तापते, परंतु त्यातून निघणारा वायू जाळण्याइतकी उष्णता चुलीत नसते. मातीच्या जाड भिंती ती शोषून घेत असतात. एकीकडे धूर जास्त तयार होतो आणि दुसरीकडे त्याला नेणारे धुराडे थंड असते. आपल्या पंधरा-वीस मिनिटांत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत आहेत, आणि म्हणून उपायही दोन्हींवर हवा: आधी धुराडे ऊबवायचे, मग धूर कमी आणि जाळ जास्त देणारे जळण घालायचे.

पंख्याला माझा विरोध याच हिशेबातून आहे. ४ इंची धुराड्यातून सेकंदाला १ मीटर वेगाने धूर जातो असे धरले, तर तासाला ३० घनमीटरांच्या आसपास हवा वर जाते. स्वयंपाकघरातला साधा एक्झॉस्ट पंखा तासाला शेकडो घनमीटर हवा बाहेर फेकतो. खोलीतली हवा इतक्या जोराने बाहेर काढली की ती भरून काढायला हवा मिळेल तिथून आत येते, आणि त्यात धुराड्याचाही समावेश असतो. धुराड्याची १० पास्कलांची ओढ त्यापुढे टिकत नाही आणि चुलीतला धूर तोंडावाटे खोलीत खेचला जातो. बंद खोलीत गॅसच्या शेगडीसाठी पंखा आधीच असेल, तर चूल पेटवताना तो बंद ठेवा. त्याऐवजी चुलीच्या पातळीवरची, शक्यतो वाऱ्याच्या बाजूची एखादी खिडकी किंवा मागचे दार चार बोटे उघडा. हवा खालून आणि मोकळेपणाने आत आली की ती धुराड्यातून उतरण्याचे कारण राहत नाही. उदबत्ती पुन्हा धरून पाहा. काही घरांत एवढ्यानेच धूररेषा वळते.

जळणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक धूर इथेच ठरतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. फोडून, आडोशाला, हवेशीर रचून ठेवलेले लाकूड आपल्या हवामानात काही महिन्यांत पंधरा ते वीस टक्क्यांपर्यंत सुकते. ओल्या लाकडाची सगळी शक्ती पाण्यात जाते असे सर्रास म्हटले जाते, ते पूर्ण खरे नाही. १ किलो लाकडात पाव किलो पाणी असेल, तर ते तापवून त्याची वाफ करायला सुमारे १५० किलोकॅलरी लागतात. उरलेल्या पाऊण किलो कोरड्या लाकडातून सव्वातीन हजारांहून अधिक किलोकॅलरी मिळतात. तोटा विसाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. भडकलेल्या चुलीला तो जाणवतही नाही. पण पेटवतानाच्या पहिल्या मिनिटांत चुलीपाशी द्यायला उष्णताच नसते, आणि नेमक्या त्याच वेळी पाणी ती मागते. त्यामुळे लाकडाचा पृष्ठभाग शंभर अंशांपाशी अडकून राहतो, ज्वाला विझते आणि वायू नुसता निघत राहतो. म्हणून किंचित दमट लाकूड तापलेल्या चुलीत चालते, पण पहिल्या दहा मिनिटांसाठी अजिबात चालत नाही. आपण सगळे जळण एकाच प्रतीचे ठेवू शकत नसाल, तर निदान पेटवणाचे जळण वेगळे, घरात, चुलीजवळच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा आणि त्याची बेगमी आगोटीच्या आधी, मे महिन्यातच करा. लाकूड सुकले की नाही हे पाहायला एक तुकडा वजन करून चुलीच्या उबेला आठवडाभर ठेवावा आणि पुन्हा वजन करावे. वजन लक्षात येण्यासारखे उतरले, तर बाकीचा ढीगही अजून ओलाच आहे.

पेटवणासाठी आपल्याकडे उत्तम काय मिळते, तर नारळाच्या सुक्या झावळीची पाती, बांबूच्या फोडलेल्या कामट्या आणि बोटाएवढ्या जाडीच्या, साल निघालेल्या काटक्या. घाटावर असाल तर तुराट्या किंवा कापसाच्या पऱ्हाट्या यांना तोड नाही. बांबू नेहमी फोडूनच घाला, अखंड पेर तापले की आतल्या हवेने फुटून निखारे उडवते. करवंटी चांगली जळते, पण सुरुवातीला काळा धूर देते. ती जाळ धरल्यानंतर घालावी. नारळाचे सोडण आणि शेणी या दोन्ही धुमसत जळणाऱ्या वस्तू आहेत. मंद आच हवी असेल तेव्हा त्या फार उपयोगी आहेत, पेटवताना मात्र त्या धूरच देतात. काजूची टरफले कोकणात मुबलक असतात आणि भडकतातही जोरात, पण त्यांच्यातले तेल दाहक असते आणि त्यांचा दाट धूर डोळ्यांना व त्वचेला झोंबतो; आपल्या आईंचा त्रास पाहता ती घरातल्या चुलीत घालूच नयेत. कण्हेरीच्या आणि बिब्ब्याच्या लाकडाबाबतही तेच. ऐन, किंजळ, बाभूळ ही जड लाकडे निखारा धरून ठेवतात, त्यांची पाळी दहा मिनिटांनंतर येते.

आता प्रत्यक्ष क्रम. आदल्या दिवशीची राख काढा, पण तळाशी बोटभर जाडीचा थर राहू द्या. राख उष्णता खाली जाऊ देत नाही, त्यामुळे पहिला जाळ लवकर स्थिरावतो. चुलीत जाळी असेल, तर तिच्याखालची राख मात्र पूर्ण काढली पाहिजे, कारण हवा तिथूनच येते. वैलावर, म्हणजे चुलीच्या मागच्या दुसऱ्या भांड्याच्या जागेवर, पाण्याने भरलेले भांडे ठेवून तो नीट झाका. हे फार जण विसरतात. वैल उघडा असेल, तर धुराड्याला चुलीतला धूर ओढण्यापेक्षा वैलातून घरातली थंड हवा ओढणे सोपे जाते, आणि गरम धूर पुढच्या तोंडातून बाहेर पडतो. भांड्याच्या बुडाशी फट राहत असेल, तर मातीचा ओला काठ करून ती बुजवा. पुढच्या मोठ्या तोंडावर, म्हणजे जाळाच्या वर भांडे ठेवण्याच्या भोकावर, सुरुवातीला पाण्याचे भांडे ठेवू नका; त्याचे थंड बूड जाळ विझवते आणि भांड्याला काजळीचा जाड थर धरतो. तिथे पहिली पाच-सात मिनिटे लोखंडी तवा पालथा ठेवावा. तो पटकन तापतो, तोंड झाकले जाते आणि ज्वालेला वर जागा मिळते.

यानंतर धुराडे ऊबवायचे. धुराड्याच्या बुडाशी सफाईसाठी झाकण ठेवलेले असेल, तर ते उघडून आत झावळीच्या मूठभर सुक्या पात्यांचा चूड किंवा सैल चुरगळलेले वर्तमानपत्राचे एक पान पेटवून घाला आणि झाकण लावा. झाकण नसेल, तर वैलावरचे भांडे क्षणभर उचलून, धुराड्यात जाणाऱ्या भोकाच्या तोंडाशीच ते जळते पेटवण ठेवा आणि भांडे लगेच परत ठेवा. अर्ध्या मिनिटात धुराड्यातून घुमल्यासारखा हलका आवाज येईल. चुलीच्या तोंडाशी पुन्हा उदबत्ती धरा. मघाशी आपल्याकडे वळणारी धूररेषा आता आडवी होऊन आत खेचली जाईल. तसे झाले नाही, तर आणखी एक चूड जाळा. पावसाळ्यात बहुधा दोन लागतात. ओढ सुरू झाल्याखेरीज चुलीत काडी लावायची नाही, हा नियम मी प्रत्येक घरात आग्रहाने सांगतो. एक सावधगिरी मात्र हवी: धुराडे पुष्कळ दिवस साफ केलेले नसेल, तर आतला काजळीचा आणि डांबराचा थर पेट घेऊ शकतो, म्हणून आधी सफाई करावी; छपराला गवत किंवा झावळ्या असतील तर हे अधिकच महत्त्वाचे.

मग चुलीतली रचना. मोठ्या बंदिस्त लोखंडी शेगड्यांत, जशा हिमालयात किंवा थंड देशांत घर उबवायला वापरतात, जाड लाकूड खाली, बारीक वर आणि पेटवण सर्वांत वर ठेवून वरून पेटवतात. खालच्या लाकडातून निघणारा वायू वरच्या ज्वालेतून जाऊनच धुराड्यात शिरतो, म्हणून धूर फार कमी होतो. आपल्या चुलीचे तोंड बुटके असते आणि लाकूड पुढून सरकवायचे असते, त्यामुळे ती रचना जशीच्या तशी बसत नाही. पण तत्त्व वापरता येते. आपल्याकडे धुराची वाट वर नसून मागे आहे. म्हणून जाळ मागे आणि लाकूड पुढे. अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन काटक्या दोन्ही बाजूंना, मध्ये चार बोटांची मोकळी वाट ठेवून, लांबीने ठेवा. त्यांच्या मागच्या टोकांवर, वैलाकडे जाणाऱ्या भोकाजवळ, बोटाएवढ्या काटक्या आडव्या-उभ्या सैल रचा आणि त्यांच्यावर पेटवण ठेवून तिथेच पेटवा. मधल्या वाटेने हवा खालून आत जाते, ज्वाला मागे झुकते, आणि पुढची लाकडे जसजशी तापतात तसतसा त्यांचा वायू त्या ज्वालेवरूनच मागे जातो. लोक सवयीने चुलीच्या तोंडाशी, हाताला जवळ म्हणून, पुढेच पेटवतात. तिथे निघालेल्या धुराला बाहेर यायला वीतभर अंतरही लागत नाही.

पहिली पाच मिनिटे केवळ बारीक काटक्या, दोन-दोन, तीन-तीन. या वेळात पाणी उकळण्याची अपेक्षा ठेवू नका. हा जाळ धुराडे आणि मातीचा आतला पृष्ठभाग तापवण्यासाठी आहे. पाच ते दहा मिनिटांच्या दरम्यान अंगठ्याएवढी लाकडे मागे सरकवत जा, तवा काढून भांडे ठेवा. मनगटाएवढे लाकूड तळाशी लाल निखारे दिसू लागल्यावरच, आणि तेही फोडलेले. गोल ओंडक्याची साल जाळ लवकर घेत नाही. एका वेळी चुलीत तीन-चारपेक्षा अधिक लाकडे नकोत. चुलीचे तोंड लाकडांनी भरून गेले, तर हवेला वाट राहत नाही.

मधेच धूर पुढे आला तर काय करायचे, हे आईंना आणि घरातल्या इतरांनाही नीट सांगून ठेवा, कारण इथे हात चुकीच्या दिशेने जातो. धूर दिसला की जाळ कमी पडला असे वाटून आणखी लाकूड घातले जाते, आणि धूर वाढतो. त्या वेळी उलट एखादे जाड लाकूड पुढे ओढावे, आत दोन अगदी सुक्या काटक्या किंवा झावळीची पाती टाकावी आणि ज्वाला परत येऊ द्यावी. फुंकणी निखाऱ्यांसाठी आहे. ज्वाला असताना फुंकले की ती लाकडापासून तुटते, आणि राख व धूर दोन्ही तोंडावर येतात. ज्वाला विझून निखारे उरले असतील, तेव्हा फुंकणी निखाऱ्याच्या बुडाशी नेऊन हळू, लांब फुंकर घालावी. जाळ धरला की थांबावे.

आतापर्यंतचे एका दमात सांगायचे तर: खिडकी किंचित उघडी, पंखा बंद, वैल झाकलेला, मोठ्या तोंडावर तवा, आधी धुराड्यात चूड, उदबत्तीने ओढीची खात्री, मग मागच्या बाजूला बारीक काटक्यांचा जाळ आणि दहा मिनिटांपर्यंत जाड लाकूड नाही. असे केल्यावर पहिल्या मिनिटाला थोडा धूर दिसला तरी पाचव्या मिनिटाला दिसू नये. बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडेही पाहा. तिथला धूर पांढरा दाट असेल, तर ओले लाकूड धुमसते आहे. तो विरळ, जेमतेम दिसेल असा झाला, म्हणजे जळण खऱ्या अर्थाने जळते आहे.

रॉकेल सोडावे, असे मी स्पष्ट सांगतो. ते भसकन जळून जाते, लाकूड सुकवायला लागणारा वेळ देत नाही आणि काजळीने धुराड्याची वाट अरुंद करते. राखेत दबलेला निखारा दिसत नसतो, आणि त्यावर रॉकेल पडले की त्याची वाफ होऊन एकदम भडका उडतो. पेटवणाऱ्याचा चेहरा तेव्हा चुलीच्या तोंडाशीच असतो. पेट लवकर हवाच असेल तर कापराच्या एक-दोन वड्या पेटवणाच्या आत ठेवा. प्लास्टिकची पिशवी, रंगवलेले लाकूड, प्लायवूडचे तुकडे यांचा धूर विषारी असतो. ते चुलीत नकोत.

जुन्या घरांत थंड चुलीचा प्रश्न फारसा येऊच देत नसत. रात्री स्वयंपाक उरकला की जाड लाकडाचे दोन-चार निखारे राखेखाली झाकून ठेवत आणि पहाटे राख बाजूला केली की विस्तव तयार असे. याचा दुहेरी फायदा आहे: माती रात्रभर कोमट राहते आणि धुराड्याची ओढ पूर्ण थांबत नाही, म्हणजे वर सांगितलेल्या चुडाची गरजच कमी होते. ऐन किंवा बाभळीच्या निखाऱ्यांवर हे चांगले साधते. मात्र झाकलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून धुराड्याचे तोंड रात्री बंद करायचे नाही, आणि त्या खोलीत कोणी झोपत असेल तर हा उपाय करूच नये. आईंची खाट स्वयंपाकघराला लागून असेल, तर मधले दार लावून घ्या आणि स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी राहू द्या.

धुराड्याच्या चुलींचा आपल्याकडचा प्रयत्न नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल पुढे आली, आणि १९८०च्या दशकात सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, तो २००२ मध्ये थांबेपर्यंत, देशभर फार मोठ्या संख्येने चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक पुढे मोडून लोक पुन्हा उघड्या चुलीकडे वळले. त्याला अनेक कारणे होती, पण माझ्या पाहण्यातले एक असे की, चूल बांधून दिली जाई आणि ती पेटवायची व साफ करायची कशी हे मात्र ती रोज वापरणाऱ्या बाईला कोणी शांतपणे दाखवत नसे. उघड्या चुलीची सवय धुराड्याच्या चुलीला चालत नाही. न्हाणीच्या तांब्याच्या बंबाचेही असेच आहे: त्याची मधली नळी चारी बाजूंनी थंड पाण्याने वेढलेली असते, म्हणून ती चुलीच्या धुराड्यापेक्षा उशिरा ऊबते आणि बंब अधिक वेळ धुमसतो. त्यातही आधी पात्यांचा जाळ, मग काटक्या, मग ढलप्या हाच क्रम उपयोगी पडतो.

आता धुराड्याची उंची. वरील क्रम आठ-दहा दिवस नीट पाळूनही धूर पाच मिनिटांपेक्षा अधिक येत असेल, तरच तिकडे वळा. धुराडे जिथे छपरातून बाहेर पडते तिथपासून निदान १ मीटर वर असावे, आणि आढे जवळ असेल तर आढ्यापेक्षाही उंच; नाहीतर आढ्यावरून उतरणारा वारा धूर खाली दाबतो. वारा असलेल्या दिवशीच त्रास वाढत असेल, तर उंची वाढवण्याचा फायदा होईल. वारा नसतानाही रोज सारखाच त्रास होत असेल, तर उघड्यावरचे ४ फूट वाढवून आपण थंड पडणारा भागच वाढवाल, आणि सकाळची अडचण कदाचित किंचित जास्तच होईल. टोपी आणि धुराड्याचे तोंड यांत धुराड्याच्या रुंदीइतके तरी अंतर असू द्या, आणि टोपीखाली पक्ष्यांसाठी बारीक जाळी लावली असेल तर ती काढा किंवा मोठ्या छिद्रांची बसवा, कारण कागदाची जळकी पाने आणि काजळी तिला लवकर बुजवतात. काटकोनी वळणे जितकी कमी तितके बरे.

रोज वापर असेल तर चुलीतून वैलाकडे व वैलातून धुराड्याकडे जाणारी वाट आणि धुराडे महिन्यातून एकदा साफ करावे. लांब बांबूच्या टोकाला चिंध्या किंवा काथ्या बांधून वरून खाली घासले की पुरते. खाली जमलेली काजळी बुडाच्या झाकणातून काढावी. आपले धुराडे करड्या रंगाच्या सिमेंटच्या जुन्या पाइपाचे असेल, तर तो ॲस्बेस्टॉसचा असण्याची शक्यता आहे. तो करवतीने कापू नका, भोक पाडू नका, तडा गेला असेल तर अखंड उतरवून बदला; त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. नवा पाइप घेताना तो शक्य तितका घराच्या आतून वर नेता येतो का ते आपल्या गवंड्याशी बोलून ठरवा. आतून गेलेले धुराडे पहाटेही घराइतके उबदार राहते, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या धुराड्यापेक्षा एका चुडातच ओढ धरते. तोपर्यंत उदबत्तीची तपासणी तीन-चार वेगवेगळ्या पहाटी करा, एकदा वारा असताना आणि एकदा नसताना, आणि धूररेषा कुठे वळली ते, धुराड्याची एकूण लांबी, त्याची रुंदी आणि आढ्यापासूनचे अंतर यांसह मला कळवा; त्यावरून ४ फुटांचा खर्च करावा की नाही, ते मी नेमके सांगू शकेन.